मावशीचा जुना फोटो

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो माझ्या श्रीरामपूरच्या मावशीचा आहे.

मावशीचे डोळे मोठे दिसायला लागले, सारखं पाणी यायचं. सहा महिने नुसते ड्रॉप्स चालू होते. शेजारणी म्हणायच्या, "नजर लागली." शेवटी नगरला एका डॉक्टरांनी विचारलं, "यांचा जुना फोटो आहे का?" फोटो आणि समोरची मावशी बघून त्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी सांगितली. निदान झालं, ग्रेव्हज डिसीज. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

आता आपल्या भाषेत. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण निगेटिव्ह फीडबॅक शिकतो. शरीरातही तसाच लूप आहे. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते, त्यामुळे थायरॉईड हार्मोन बनवते. हार्मोन पुरेसं झालं की टीएसएच कमी होतं. ग्रेव्हजमध्ये आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीज टीएसएचच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि "चालू राहा" असा खोटा सिग्नल देतात. पिट्युटरी टीएसएच जवळजवळ बंद करते, तरी थायरॉईड थांबत नाही.

मग डोळ्यांचा काय संबंध? तोच रिसेप्टर डोळ्यामागच्या पेशींवरही असतो. तिथली चरबी आणि स्नायू सुजतात. खोबण हाडाची, ती पसरत नाही, म्हणून डोळा पुढे येतो. स्नायू आखडले की एकाचे दोन दिसतात. डोळ्याची नस दाबली गेली तर रंग फिके दिसतात. तेव्हा मात्र एक दिवसही थांबू नये, नजर जाऊ शकते.

ग्रेव्हज झालेल्या सगळ्यांचेच डोळे बिघडत नाहीत. पण सिगारेट-बिडीने धोका खूप वाढतो. मुंबईत परळला १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. थायरॉईडवर रेडिओआयोडीन देतात ते अशा ठिकाणी. त्या उपचाराने काहींचा डोळ्यांचा त्रास वाढतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत. आणि थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी कधीकधी हा त्रास होतो.

मावशी आता गोळ्या घेते. थायरॉईड ताब्यात आहे, डोळे मात्र पूर्ण पहिल्यासारखे झाले नाहीत. ती म्हणते, "अगं, सहा महिने आधी कळलं असतं तर!"

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आई, मावशी, काकू यांच्याकडे नीट बघा. आणि जुना अल्बम एकदा काढाच.