आधी हात बघ, मग बक्षीस ठरव

पोरी, विशेष शिक्षिका म्हणून तू आता म्हसवड भागात फिरणार. कुणाला झेडपीच्या शाळेत शिकवशील, कुणाला वस्तीवर घरी जाऊन. पिशवीत चॉकलेटची पुडी टाकून निघू नकोस, एवढं आधी सांगते. पोरांना चॉकलेट आवडतं हे आपण मोठ्यांनीच ठरवलेलं असतं. स्वमग्न पोराला डब्याचं झाकण गरगर फिरवण्यात जी गोडी वाटते, ती आपल्या ध्यानातही येत नाही.

आईला विचार, पण ‘काय आवडतं?’ असं नको. त्यावर ‘सगळंच खातोय’ हे उत्तर ठरलेलं. हातातनं काय काढून घेतलं की रडतो, मोकळा सोडला की कुठं जातो, लपवलेलं काय हुडकून काढतो, हे विचार. घरात आजी असली तर तिच्याजवळ बस. दिवसभर पोर तिच्याच नजरेखाली असतं. कुणी सांगेल घोंगडीवर गाल घासतो, कुणी सांगेल मेंढराच्या गळ्यातली घंटा वाजवत बसतो. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी परमुलखात वाढून आलेलं पोर असलं तर त्याची तऱ्हा निराळी. तुझ्या शेंगदाण्याच्या लाडवाकडं ते ढुंकूनही बघणार नाही.

ही झाली नुसती यादी. आता त्यातल्या सहा वस्तू घे. दोन-दोन समोर मांड, ‘एक घे’ म्हण आणि गप्प बस. उचलली ती थोडा वेळ त्याच्याकडंच राहू दे. प्रत्येक वस्तूची बाकीच्या सगळ्यांशी गाठ घातली की १५ जोड्या होतात. दर वेळी डावं-उजवं बदल. काही पोरं कायम उजवीकडचंच उचलतात आणि आपण त्यालाच आवड म्हणून बसतो. अमेरिकेत फिशर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९२ साली ही रीत मांडली. रीत भरवशाची, पण वेळ खाते. पुढं १९९६ साली डीलिऑन आणि इवाटा यांनी सुटसुटीत रीत काढली. पाच-सात वस्तू एका ओळीत मांडायच्या, एक उचलली की ती बाजूला, उरलेल्या हलवून पुन्हा ओळ. आधी उचललेली वरच्या क्रमाची. वस्तीवर मला हीच बरी वाटते. मात्र एकाच फेरीवर विसंबू नकोस, दोन-तीन फेऱ्या घे.

दोन वस्तूंत निवड करणंच ज्याला जमत नाही, त्याच्यापुढं एकेकच धर आणि हात पुढं येतो का बघ. वस्तू काढून घेतली की जो आकांत करतो, त्याला सगळंच जमिनीवर पसरून दे आणि घड्याळ लावून बस. कशापाशी किती वेळ रमला ते लिही.

खाऊ आणि खेळणी एका ओळीत नकोत. बहुतेक वेळा खाऊच जिंकतो आणि खेळण्याची आवड झाकून जाते. मोबाईल तर पिशवीतनं बाहेरच काढू नकोस.

वेळही बघावी लागते. पोट भरलेलं पोर लाडवाला हात लावत नाही, म्हणजे त्याला लाडू आवडत नाही असं नव्हे. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा झाली की चार दिवस ही तपासणी करूच नकोस. घरोघरी पिपाण्या, भिरभिरी आणि शेव-रेवड्यांचा ढीग असतो, तुझ्या वस्तूंना कोण विचारणार? पण म्हणून पोराला उपाशी ठेवून खाऊची ओढ वाढवायची नाही. जेवण, पाणी, आईची मांडी हे त्याच्या हक्काचं; ते बक्षिसात धरायचं नाही. आणि नीट चावून न खाणाऱ्या पोराला शेंगदाणे-फुटाणे देऊ नकोस, घशात अडकतात.

वर आलेली वस्तू कामाला लावून बघ. मणी ओवायला दे. ती वस्तू मिळते म्हटल्यावर मणी जास्त ओवले जातात का? नसतील तर ती आवडती असेल, पण शिकवायला उपयोगाची नाही. काम झालं की तिथल्या तिथं दे, सोबत नाव घेऊन शाबासकी दे. ‘घरी जाताना देते’ हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एरवी ती वस्तू फळीवर ठेवायला घरच्यांना सांग. दिवसभर हातात असली तर तिच्यासाठी मणी कोण ओवेल? जे कवटाळून पोर झोपतं, ते मात्र काढून घेऊ नकोस.

एखादे आजोबा म्हणतील, ‘बाई, ही लाच झाली.’ भांडू नकोस. रडणं थांबवायला आधीच हातात कोंबलं तर ती लाच. काम झाल्यावर दिली ती मजुरी. रोजगार हमीवर खपलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

महिन्या-दोन महिन्यांनी, किंवा पोर कंटाळलेलं दिसलं की, पुन्हा मांड. आवड बदलते. वहीत तारीख, वस्तू आणि क्रम लिही. तुझी बदली झाली तर पुढच्या बाईंना तेवढंच हाताशी असेल. आणि पोरानं काहीच उचललं नाही तर तेही लिही, आणि पुढच्या खेपेला वेगळ्या वस्तू घेऊन जा.