सहाव्या वर्षीची दाढ : दातांचे सामान्य विकार व त्यांवरील उपचार



सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गातील एक चुणचुणीत मुलगा एकाएकी पाढे म्हणेनासा झाला. विचारले तर तोंड उघडीना. हा हट्ट आहे असे समजून मी त्यास दोन तास उभे केले. तिसऱ्या दिवशी त्याचा गाल सुजला व ताप भरला. दाढ किडून मुळाशी पू झाला होता. ती दाढ काढावी लागली. आणि ती दुधाची नव्हती, कायमची होती. मुलाचे दुखणे मला ओळखता आले नाही, हा दोष माझाच. तो आपणांकडून घडू नये, एवढ्यासाठी हे टिपण.

दुधाचे दात व कायमचे दात

दुधाचे दात वीस असतात, कायमचे बत्तीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, प्रत्येक बाजूस वर व खाली एकेक नवी दाढ येते. दात पडला नाही म्हणून घरची माणसे तीही दुधाचीच समजतात व ‘पडेल, मग नवी येईल’ म्हणून दुर्लक्ष करतात. ही दाढ जन्मभरासाठी आलेली असते. पहिलीच्या वर्गातील पालकांस एवढी एक गोष्ट समजाविली, तरी पुष्कळ कार्य साधेल. दुधाचे दातही निरुपयोगी नव्हेत. ते नव्या दातांची जागा राखून ठेवतात. ते अकाली गेल्यास नवे दात वेडेवाकडे येण्याचा संभव असतो.

कीड म्हणजे काय?

दातात अळी असते, ही समजूत चुकीची आहे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजविते. खाल्ल्यावर साधारण अर्धा तास हा मारा चालू असतो. म्हणून गोड किती खाल्ले, यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. दिवसभर गोळ्या चघळणारे मूल दातांस विसावा मिळूच देत नाही.

कीड पायरीपायरीने वाढते व उपचारही तसाच बदलतो. प्रथम दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या वेळी स्वच्छता राखली व दंतवैद्याने फ्लोराइडचा लेप दिला, तर कीड तेथेच थांबू शकते. पुढे खड्डा पडतो. गार व गोड लागले की कळ येते. तेव्हा किडलेला भाग कोरून चांदी अथवा दाताच्या रंगाचे सिमेंट भरतात. त्यानंतर कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचते. रात्री झोप लागत नाही. आता नुसते सिमेंट भरून भागत नाही. मुळाच्या नळीतील सडलेला भाग काढून ती साफ करून भरतात व वर टोपी बसवितात. यासच रूट कॅनॉल म्हणतात. दात वाचविण्याजोगा न राहिल्यास तो काढावा लागतो. पहिल्या पायरीवरील उपचार सर्वांत सोपा व सर्वांत स्वस्त असतो, हे पालकांस आवर्जून सांगावे.

लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो. कीड बरी होत नाही. दुखऱ्या दाढेत तंबाखू भरणे घातक आहे. गाल सुजून ताप आला, गिळण्यास त्रास होऊ लागला किंवा डोळा मिटू लागला, तर मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हिरड्या व तंबाखू

घासताना रक्त येणे हे हिरड्यांच्या सुजेचे लक्षण होय. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. साचलेले किटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे. त्याने दात ढिले होतात, तसेच दाढ काढल्याने दृष्टी जाते, हे दोन्ही गैरसमज आहेत.

मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. ती दंतमंजन नव्हे. सुपारी व गुटखा यांमुळे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, अथवा तोंडातील जखम वा चट्टा दोन आठवड्यांत भरत नसेल, तर तपासणीस विलंब करू नये. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. २००३च्या केंद्रीय कायद्यान्वये शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. याकडे मुख्याध्यापकांनी लक्ष पुरवावे.

मैदानावरील अपघात

पडल्यामुळे कायमचा दात मुळासकट निघाल्यास तो टाकू नये. वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मुळास हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास क्षणभर पाण्याने धुऊन शक्य तर त्याच जागी बसवावा. न जमल्यास दुधात ठेवून मुलास तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे. अर्ध्या तासात पोहोचल्यास दात पुन्हा रुजण्याची आशा अधिक. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

वर्गात काय करावे?

अंड्याचे कवच लिंबाच्या रसात बुडवून वर्गात ठेवावे. त्यावर बुडबुडे येतात व दुसऱ्या दिवशी ते मऊ पडते. आम्ल काय करते, हे मुलांस न सांगता कळते. दुपारच्या भोजनानंतर सर्वांकडून खळखळून चुळा भरवाव्यात. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासण्याची सवय लावावी; लहान मुलांस वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. राखुंडी व कोळशाची पूड यांनी दात झिजतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांत येत आहे. त्याच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक येण्यापूर्वी दुखणाऱ्या मुलांची यादी तयार ठेवावी व पुढे पाठविलेली मुले उपचारास खरोखर गेली की नाही, याची चौकशी करावी. पुष्कळदा यादी होते, चिठ्ठी मिळते आणि काम तेथेच थांबते.

द्वारका येथे मुंबई-आग्रा व नाशिक-पुणे हे रस्ते मिळतात. आपणांपैकी अनेकजण येथेच गाडी बदलतात. येथून गोदावरी ओलांडली की पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत खर्च सामान्यतः खासगी दवाखान्याहून कमी येतो. ‘शहरात कोठे जावे हेच ठाऊक नाही’ असे म्हणणाऱ्या पालकास हा मार्ग दाखवावा.

एखादे मूल एका बाजूने चावत असेल, गालावर हात ठेवून बसत असेल, अकारण गप्प झाले असेल, तर त्यास उभे करण्यापूर्वी उजेडाकडे न्यावे आणि म्हणावे, ‘बाळ, आ कर पाहू.’