लेहचं विमान रद्द झालं तर तुमच्या नफ्याचं काय?

टूर्सच्या व्यवसायात उतरणाऱ्या बऱ्याच जणांना पहिलं पॅकेज लडाखचंच काढायचं असतं. कोटेशन कसं बनवायचं ते आपण व्हिडिओत पाहिलं. नवशिक्यांच्या कोटेशनमध्ये एक खर्च मात्र हमखास राहून जातो: विमान रद्द झाल्यावरची जादा रात्र.

आधी कारण समजून घ्या. लेहचा विमानतळ सुमारे 3,250 मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत आहे. दुपारनंतर वारा जोर धरतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच येतात-जातात. सकाळी ढग उतरले किंवा बर्फ पडला की विमान अर्ध्यातून दिल्लीला परतू शकतं. मुंबईत पावसामुळे विमान दोन तास लांबतं, लेहमध्ये ते बऱ्याचदा थेट उद्यावर जातं. आणि हे फक्त हिवाळ्यातच होतं असं समजू नका. जुलै 2024 च्या अखेरीस तिथे विमानं रद्द झाली ती चक्क उकाड्यामुळे! उंचावर हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते.

आता हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. 10 जणांचा ग्रुप, माणशी नफा 3,000, म्हणजे एकूण 30,000. परतीचं विमान रद्द झालं. पाच खोल्या, प्रत्येकी 2,500 प्रमाणे 12,500. जेवण-नाश्ता माणशी 800 प्रमाणे 8,000. विमानतळावर पुन्हा ने-आण 2,000. झाले 22,500! आठवडाभर राबून हातात राहिले साडेसात हजार. चारातली एक ट्रिप अडकेल असं धरलं, तर प्रत्येक ट्रिपवर साधारण 5,600 रुपये येतात, म्हणजे माणशी 560. मी सरळ 600 लावायला सांगतो. चारात एक हा माझा अंदाज आहे. दोन सीझन स्वतःची नोंद ठेवा, मग तुमचा आकडा तुम्हालाच कळेल.

‘पण विमान कंपनी देईल ना?’ तिकिटाचा परतावा किंवा दुसऱ्या विमानात जागा, एवढं मिळतं. हवामानामुळे रद्द झालेल्या विमानासाठी वेगळी नुकसानभरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्यात लेह-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली-पुणे दुसऱ्या कंपनीचं, अशी स्वस्तातली वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरं तिकीट बुडालंच समजा. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. थोडं महाग पडलं तरी चालेल, कारण मग पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची.

राखीव दिवस ठेवायचा तो शेवटी, आणि लेह शहरातच. नुब्रा किंवा पँगाँगला ठेवलेल्या दिवसाचा अशा वेळी काही उपयोग नाही. दुसरी बाजूही बघा: जातानाच एक दिवस उशीर झाला, तर तो भरून काढायला लेहमधली विश्रांती कापू नका. उंचीची सवय व्हायच्या आत लोकांना 5,300 मीटरच्या वर असलेल्या खारदुंग ला खिंडीत नेणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. त्यापेक्षा एक ठिकाण गाळा. ग्राहक कुरकुर करतील, करू देत.

विमान रद्द झाल्याचं कळलं की सगळे काउंटरकडे धावतात. तुम्ही एकाला रांगेत उभं करा आणि आधी हॉटेलला फोन लावा, कारण अडकलेल्या दीडशे प्रवाशांना त्याच गावात खोल्या हव्या असतात. फोन लागायला सिम पोस्टपेड हवं. आपल्याकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. श्रीनगरचा रस्ता हा पर्याय आहे, पण 400 किलोमीटरच्या वर अंतर, बहुधा कारगिलला मुक्काम, आणि वाटेत झोजीला. विमान ज्या हवामानाने अडलं त्यानेच खिंडही बंद असू शकते.

आणि हे सगळं ॲडव्हान्स घेण्याआधी कोटेशनवर लेखी हवं. साध्या मराठीत असं लिहा: ‘हवामानामुळे विमान रद्द झाल्यास पहिल्या रात्रीचा मुक्काम व जेवण आमच्याकडे. दुसऱ्या रात्रीपासूनचा खर्च आणि तिकिटातला फरक प्रवाशाकडे.’ व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय तिकिटं काढू नका.