चिंताशामक गोळी : घेताना व थांबविताना
अल्प्राझोलामसारखी चिंताशामक औषधे मेंदूची उत्तेजना शमवितात. परंतु काही आठवडे रोज घेतल्यास शरीराला त्यांची सवय जडते. मग बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद केल्यास निद्रानाश, हातांना कंप, प्रसंगी आकडीही येते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी. मद्यासोबत गोळी घेतल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते. वृद्धांचा तोल जातो, वाहनचालकास गुंगी येते. २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची ‘एच-१’ नुसार अशी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विक्रीची नोंदही ३ वर्षे जपावी लागते. शेजाऱ्याची गोळी मागून घेणाऱ्यांना शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे समजावून सांगावे आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’चा विनामूल्य क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहावा.