पाचवं चॅनेल बदलू नकोस

कात्रज, पुणे ४६

चि. अनिकेत,

काल फोनवर म्हणालास, गुजरवाडीकडची वायरलेस इंटरनेटची लिंक रोज संध्याकाळी सात वाजले की रडायला लागते आणि तू तीन दिवसांत चार चॅनेल बदललेस. पाचवं बदलू नकोस. ताप कशाचा ते न बघता गोळ्या बदलत राहायचं, असं चाललंय तुझं.

आधी वही घे. दर तासाला दोन आकडे लिही: सिग्नल किती, नॉइज किती. सिग्नल उणे ६० वरून उणे ७२ वर घसरत असेल, तर उगाच कुणावर आळ घेऊ नकोस. डिश हलली असेल, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल, नाहीतर मधला गुलमोहर पालवला असेल. समोरची गच्ची नुसती डोळ्यांना दिसून भागत नाही रे. तीन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर त्या रेषेच्या चहूबाजूंनी सहा मीटरपर्यंतची जागा लागते. सिग्नल जागच्या जागी आणि नॉइज मात्र उणे ९५ वरून उणे ८० वर चढलेला दिसला, तरच चोर शोधायला निघ.

आणि तो आधी घरात शोध. मी पंधरा दिवस शेजारच्या केबलवाल्याच्या नावानं खडे फोडले होते. शेवटी एका संध्याकाळी आपलेच रेडिओ एकेक करून बंद केले, तर चोर त्याच खांबावर, दोन फुटांवर! दिवसा गिऱ्हाइकं कमी, म्हणून तो गप्प असायचा. संध्याकाळी घरोघरी मालिका आणि मॅच सुरू झाल्या की तो बोलायला लागायचा आणि शेजारच्या रेडिओच्या कानठळ्या बसायच्या. मग दोघांतलं अंतर वाढवलं, चॅनेल लांब नेली आणि ८० मेगाहर्ट्‌झचा पट्टा २० वर आणला. कागदावरचा वेग घटला, पण तक्रारींचे फोनही थांबले. खिडकी चौपट मोठी केली की धूळही चौपट येते. हिशेबात सांगायचं तर सहा डेसिबल.

पॉवर वाढवायचा मोह होईल. तू वाढवलीस की समोरचाही वाढवणार. ५ गिगाहर्ट्‌झचे हे पट्टे २०१८ च्या नियमांनी विनापरवाना वापराला मोकळे झालेत, तिथे कुणी कुणाला हटकू शकत नाही. त्यापेक्षा अरुंद झोताची डिश लाव आणि जमलं तर थोडी खाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला घे. शहराकडचा गोंगाट टाकीच अडवेल.

आडोशाची ही युक्ती काही माझी नव्हे. खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, तिथेही भोवतालच्या डोंगरांचा उपयोग होतोच. पण मला जास्त आवडतं ते हे, की त्या लोकांनी स्वतःची यंत्रंसुद्धा धातूनं मढवलेल्या खोलीत कोंडली आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. २८ फेब्रुवारीच्या सुमारास प्रदर्शन असतं, जाऊन ये. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो, तुझी पंचाईत होईल.

तुझ्या खांबावर एकूण रेडिओ किती, हे तू सांगितलंच नाहीस. शनिवारी साडेसहाला मी गच्चीवर येतो. वही भरलेली पाहिजे.

तुझा,
मामा