पाचवे शील आणि औषधाची गोळी



पाचव्या शीलाचा अर्थ विचारला की आपली मुले चटकन सांगतात, “दारू पिऊ नये.” उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या शीलाचा भर ‘प्रमाद’ या शब्दावर आहे. ज्याने चित्त गुंगते, सावधपणा सुटतो, ते सारे यात येते. अर्थ अपुरा राहिल्याने एक पळवाट तयार झाली आहे. दारूला न शिवणारा तरुण झोपेची गोळी किंवा खोकल्याचे औषध नशेसाठी घेतो, आणि आपले शील मोडले असे त्याला वाटतच नाही. तोंडाला वास येत नाही, म्हणून घरातही कळत नाही.

मग औषध घेणे म्हणजे शीलभंग काय? मुळीच नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पिलिंदवच्छ या भिक्खूंना वाताचा विकार झाला. वैद्यांनी उकळलेले तेल घेण्यास सांगितले. त्यात मद्य घालावे लागे. भगवंतांनी अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी त्यात मद्य जास्त घातले, ते प्याले आणि झिंगले. तेव्हा भगवंतांनी नियम केला : मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतकेच ते असावे. जास्त मद्य पडलेले तेल पिऊ नये, अंगाला चोळावे.

यातून काय शिकावे? भगवंतांनी औषध बंद केले नाही आणि झिंगही चालू दिली नाही. वस्तू तीच; हेतू आणि मात्रा बदलली की औषधाची नशा होते.

आता आजची औषधे पाहू. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या गोळ्या तीव्र चिंता, निद्रानाश अशा विकारांवर देतात. मालेगावकडे अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरकडे नशेच्या गोळीला ‘बटन’ हे नाव आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. ते अफूच्या कुळातले. शरीरात त्याच्या काही भागाचे मॉर्फीन बनते. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही त्याच मार्गाची.

या औषधांची शरीराला सवय जडते. काल एका गोळीने झालेले काम उद्या दोन गोळ्या मागते. कोडीनची नशा आणि झोपेची गोळी, किंवा गोळी आणि दारू, एकत्र आली तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. रोज घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

हे दोन-चार वाया गेलेल्या पोरांचे प्रकरण नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे १० ते ७५ वयाचे सुमारे १.१८ कोटी भारतीय गुंगीची औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेत होते. अशांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

कायदा आहे. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यातील औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. डॉक्टर, रुग्ण व औषध यांची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे ठेवायची असते. पण जेथे वही कोरी राहते आणि आपण गप्प बसतो, तेथे कायदा काय करील?

वाचकहो, आपल्या कित्येक घरांत कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेले पुस्तक आता कुठे हातात आले. ते वाचणारी बुद्धीच गुंगीत गेली, तर मिळवले काय? परीक्षेची धास्ती, बेकारी, रात्रपाळी ही दुःखे खरी आहेत. परंतु गोळी दुःखाचे कारण दूर करीत नाही. तेवढा वेळ त्याचा विसर पाडते, एवढेच.

म्हणून घरात एवढे पाळा. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र लाजेने सोडू नका. मूल सापडले तर मारू नका, वस्तीत बभ्रा करू नका. त्याला सरकारी रुग्णालयात न्या. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी आहे. आजाऱ्याला उपचार देणे हाही धम्मच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न :

१. भगवंतांनी मद्यमिश्रित तेलावर सरसकट बंदी का घातली नाही?
२. औषध आणि नशा यांतील भेद कशावरून ठरतो?
३. आपल्या घरातील औषधांच्या डब्यात कोणत्या गोळ्या आहेत आणि त्या कोणासाठी आणल्या होत्या?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डबा उघडून द्यावे.