गोधडीची कड : कोणती पट्टी, किती खर्च?

गोधडी मधून फाटण्याआधी कडेनं फाटते. झोपेत ओढाओढ होते ती कडेची, धुताना पीळ बसतो तो कडेला, आणि दोरीवर टाकल्यावर सगळं पाणी निथळून थांबतं तेही कडेतच. रत्नागिरीसारख्या ठिकाणी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मिरगापूर्वी गोधड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवल्या तरी पुढचे चार महिने हवा दमट असते. जाड, घट्ट कडेत ओल राहिली की आधी कुबट वास येतो आणि मग काळे ठिपके पडतात. म्हणून कडेला काय लावायचं हे ठरवताना दिसण्याआधी वाळण्याचा विचार करावा.

हिशेबासाठी एका माणसाची गोधडी घेऊ : ५ फूट रुंद, साडेसात फूट लांब. चारी बाजू मिळून २५ फूट होतात. कोपऱ्यांच्या घड्या आणि शेवटचा जोड यांसाठी एक फूट जास्त धरला तर २६ फूट, म्हणजे साधारण ८ मीटर पट्टी लागते. सुती कापड मीटरला १२० रुपये आणि मशीनची शिलाई दोन्ही बाजूंनी मिळून फुटाला १० रुपये धरून पुढचे आकडे काढले आहेत. हे दर केवळ उदाहरणाचे आहेत. रत्नागिरीच्या रामआळीत किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जो भाव मिळेल, तो त्या जागी घालावा. मापं तीच राहतील.

सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे खालचं अस्तरच चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं ठेवायचं, ते वर दुमडायचं आणि टीप मारायची. ४४ इंच पन्ह्याचे दोन तुकडे जोडून अस्तर केलं, तर त्यासाठी जेमतेम २० सेंटिमीटर कापड जादा लागतं, म्हणजे सुमारे २५ रुपये. टीपही एकच, त्यामुळे शिलाई निम्मी. दीडशे रुपयांत काम होतं. पण कड झिजली की झिजतं ते अस्तर. तीन-चार वर्षं रोज वापरायच्या गोधडीला ही पद्धत मी तरी सुचवणार नाही, कारण नंतर कड बदलायची म्हटलं तर बदलण्यासारखं वेगळं काही उरलेलंच नसतं. बाळाच्या दुपट्यासाठी मात्र ती उत्तम : पातळ राहते, लवकर वाळते, आणि बाळ मोठं होईपर्यंतच टिकायची असते.

रोजच्या गोधडीला वेगळा गोट लावावा, तोही दुहेरी. साडेतीन इंच रुंदीच्या पट्ट्या कापडाच्या पन्ह्यातून आडव्या कापायच्या, टोकं तिरकी जोडून एक लांब पट्टी करायची, ती लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करायची. उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून अर्ध्या इंचावर पहिली टीप, मग घडीची बाजू मागे वळवून दुसरी. पाव इंच जाडीच्या गोधडीला ही रुंदी बरोबर पुरते आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच गोट दिसतो. पन्ह्यातले ४० इंच जोड वगळून कामाचे धरले तर ८ पट्ट्या लागतात. त्यासाठी ७१ सेंटिमीटर कापड हवं. आटेल म्हणून ८० घ्यावं. कापड ९६ रुपये, शिलाई २५० रुपये, म्हणजे दोऱ्यासह साडेतीनशेच्या आसपास.

यात शंभर-सव्वाशे रुपये वाचवायचे असतील तर शिंप्याकडून फक्त पहिली टीप मारून घ्यावी आणि मागची बाजू घरी हातानं शिवावी. सवयीच्या हाताला २५ फुटांना तीनेक तास लागतात. हातशिलाई दिसायला मऊ आणि उसवायला सोपी; दोन वर्षांनी कड बदलायची झाली तर हे सोपेपण कामाला येतं. दुसऱ्या कुणाकडून हातानं करून घ्यायची असेल आणि तासाला १०० रुपये धरले, तर एकूण खर्च पाचशेच्या वर जातो.

उरेब पट्टीचा आग्रह पुष्कळ जण विनाकारण धरतात. तिरकी कापलेली पट्टी ताणते आणि वळते, म्हणून गोधडीचे कोपरे गोल असतील तरच ती हवी. सरळ कडांना ती ताणून लागली तर कड लाटांसारखी होते. कापड एक मीटर लागतं आणि कापण्या-जोडण्याची मजुरी वेगळी मागतात, तेव्हा चौकोनी गोधडीसाठी हा खर्च टाळावा. मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारी तयार पायपिंगची पट्टी ब्लाउजसाठी असते. पाच-सहा थरांच्या गोधडीला ती पुरत नाही.

साडीचे काठ हा मात्र खरा मोहाचा प्रकार, आणि हिशेबातही बसणारा. नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, म्हणजे एकच काठ मध्ये जोड न देता संपूर्ण गोधडीभर फिरतो. सहावारी असेल तर दोन्ही काठ लागतील. काठ अरुंद असेल तर त्याला लागून अंगाचं कापडही घेऊन साडेतीन इंच पुरे करावेत. कापड फुकट, शिलाई तेवढी २५०. कापण्यापूर्वी काठ दोन्ही अंगठ्यांनी ओढून बघा. जमिनीला घासणारा खालचा काठ बऱ्याचदा विरलेला असतो, तेव्हा वरचा वापरावा. जरीचा किंवा पॉलिएस्टरचा काठ सुती गोधडीला लावू नये. गोधडी धुऊन आटते, काठ आटत नाही आणि कड चुरगळून बसते. जर तर अंगाला टोचतेही.

कापड कुठलंही घेतलं तरी ते आधी भिजवून वाळवा. कोऱ्या सुती कापडाला मीटरमागे चार सेंटिमीटर आटणं काही विशेष नाही; ८ मीटरला ते ३२ सेंटिमीटर होतं, आणि तेवढी ओढ गोधडीवर पडते. लाल, निळ्या गडद रंगाचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर घासून पाहा.

शिंप्याशी बोलताना दर फुटाला की नगाला, पट्ट्या कापणं-जोडणं त्यात धरलंय का, कोपऱ्याला घडी घालणार की नुसतं वळवून टीप मारणार, हे तिथंच विचारून घ्या. जाड गोधडी घरगुती मशीनमध्ये दाबाखाली सरकत नाही, आणि बरेच शिंपी या कारणानं काम नाकारतात. त्यावर उपाय आहे : आतले जुन्या साड्यांचे थर कडेपासून अर्धा इंच आत कापून काढायचे, म्हणजे टिपेखाली फक्त वरचं कापड आणि अस्तर येतं. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मात्र असलं किरकोळ काम कुणी हातात घेत नाही.

परत घेताना चारही कोपरे चिमटीत दाबून पाहा. आत पोकळ लागला तर तो कोपरा पहिला फाटणार. पट्टीचा जोड कोपऱ्यावर आलेला नसावा, आणि मागची टीप गोटावरून कुठे घसरली आहे का तेही उजेडात बघावं.

जुन्या गोधडीची सगळी कड उसवण्याची घाई करू नका. बहुतेकदा डोक्याकडचीच बाजू गेलेली असते. हातांनी ओढून आणि केसांच्या तेलानं. तेवढे ५ फूट बदलायला दोन पट्ट्या म्हणजे २० सेंटिमीटर कापड आणि ५० रुपये शिलाई लागते, पाऊणशे रुपयांत काम उरकतं. यासाठीच नवा गोट लावताना त्याच कापडाच्या दोन पट्ट्या जास्तीच्या कापून गोधडीबरोबर ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी तिच्याबरोबरच धुवाव्यात, म्हणजे रंगही सारखा उतरत जाईल.